सेतूचा ट्रॅक्टर आणि मी बुजवलेले छिद्र

ट्रॅक्टरला दोन प्रकारची छिद्रे असतात: काही बुजवायची असतात आणि काही बुजवायची नसतात. हा भेद समजण्यासाठी फारसे शिक्षण लागत नाही. माझ्यापेक्षा थोडे अधिक असले की पुरते.

माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. (नववीत मी गेलो होतो, परंतु नववी माझ्यात गेली नाही.) तथापि तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या सरकारी कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल मांडून मी दीर्घकाळ लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शिधापत्रिका, जमिनीचा पट्टा, वारसनोंद, शेजाऱ्याची कोंबडी, असा कोणताही विषय मला वर्ज्य नाही. या व्यवसायातून मला एक सिद्धांत गवसला. तक्रार कधीही खालच्या पायरीवर करू नये; थेट वर करावी. वर टाचणी टोचली की खाली सगळे उठून उभे राहतात! हा सिद्धांत मी माणसांपुरता मर्यादित ठेवला असता, तर आज हे लिहिण्याची वेळ आली नसती.

माझा धाकटा भाऊ सेतुमाधव, म्हणजे आमचा सेतू, औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात कामाला होता. कारखाना बंद पडला आणि हाती जे काही मिळाले त्यातून त्याने एक जुना छोटा ट्रॅक्टर घेतला. छोटा म्हणजे किती? आमच्या गल्लीतील म्हैस त्याच्या शेजारी उभी राहिली की ट्रॅक्टर तिचे रेडकू वाटे! त्याच्या पाठीमागे दोन लोखंडी हात होते. आतल्या तेलाच्या दाबाने ते हात वरखाली होत आणि मागे जोडलेले गवत कापण्याचे यंत्र उचलत, ठेवत. या व्यवस्थेस हायड्रॉलिक म्हणतात. मात्र त्या हातांच्या मुळाशी रात्रंदिवस तेल पाझरत असे, आणि त्या व्यवस्थेस माझी पत्नी अंबुजा जे म्हणत असे ते येथे लिहिण्यासारखे नाही.

कारण असे की ट्रॅक्टर आमच्या दारात उभा राही, आणि अंबुजा पहाटे त्याच दारात कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, काढी.

"हे बघा! आजही कमळाच्या मधोमध डाग!"

"अगं, कमळ म्हटलं की भुंगा यायचाच."

"मग तो भुंगा तुम्हीच घासून काढा!"

मी पुष्कळ भुंगे घासले. आमचे घराणे मूळचे तंजावरचे. पिढ्यान्पिढ्या आम्ही दरबारी रीत सांभाळून आहोत. काथ्या हाती घेऊन रस्ता घासणे त्या रीतीत बसत नाही. (अंबुजेच्या मते बसते.)

अशातच सेतूला एक संधी चालून आली. सिरुसेरीला एका मोठ्या संगणक कंपनीचे आवार आहे. इमारत थोडी आणि हिरवळ फार. तेथील मॅनेजरने सेतूला बोलावून सांगितले, "सोमवारी ट्रॅक्टर आण आणि गवत कापून दाखव. पसंत पडलं तर वर्षभर काम तुझं. एक मात्र लक्षात ठेव, हिरवळीवर तेलाचा थेंब पडता कामा नये. पडला तर गवत जळेल, आणि तुझं नाव कटेल."

कारखाना बंद पडल्यापासून सेतूच्या हाताला सलग काम नव्हते. त्याच्या दोन मुली शाळेत जात होत्या, बायको घरी शिवणयंत्र चालवीत होती, आणि "सध्या काय करतोस?" असे कोणी विचारले की सेतू चपलेकडे पाहू लागे. त्या थेंबावर त्याच्या संसाराचे वर्ष अवलंबून होते, हे सर्वांना ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. हेच वाईट झाले! मला ठाऊक नसते तर मी झोपलो असतो.

रविवारी सकाळी सेतूने दुरुस्ती मांडली. आतले तेल घमेल्यात काढले, लोखंडी हात सोडवला आणि त्याच्या मुळाशी असलेले जुने ऑइल सील बाहेर ओढले. रबराची ती कडी तळलेल्या पापडासारखी कडक झाली होती. मी खुर्ची टाकून देखरेख करीत होतो.

"अण्णा, जरा पान्हा दे."

मी दिला.

"अण्णा, ही पक्कड आहे."

"धरणे हेच दोघांचे कार्य. तू काम चालव!"

त्याने काम चालवले, आणि उत्तम चालवले, हे मी आज मोकळेपणाने नमूद करतो. नवे सील बसवले, हात जोडला, तेलाची पट्टी पुसून पुन्हा पुन्हा आत घालून पाहिली आणि खुणेपर्यंत मोजून तेल भरले. मग "संध्याकाळी चालवून बघू" असे म्हणून तो आंघोळ करून जेवायला गेला.

मी एकटा उरलो. समोर एकटा ट्रॅक्टर.

मी त्याची पाहणी सुरू केली. खाली सर्व कोरडे होते. पण माझी नजर खाली ठरणारी नव्हे. आसनामागे, यंत्राच्या अगदी माथ्यावर, मला एक इवलीशी टोपी दिसली. टोपीला छिद्र होते. छिद्राभोवती तेलाचा ओशट थर, त्यावर धूळ. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले! खालचे ते बिचारे सील केवळ कारकून होते. भ्रष्टाचाराचे मूळ येथे, सर्वोच्च स्थानी बसले होते!

नळाची गळती बुजवण्यासाठी दोन रंगांची कणीक मिळते. दोन्ही एकत्र मळून लावली की दगडासारखी घट्ट होते. ती घरात होती. मी ती मळली आणि सदर छिद्र कायमचे बंद केले. वर अंगठ्याने दाबून ठसाही उमटवला. (व्यवसायाची सवय.) डब्यात थोडे तेल शिल्लक होते, तेही पट्टीच्या भोकातून ट्रॅक्टरमध्ये ओतून टाकले. वाया कशाला घालवायचे?

तेवढ्यात अंबुजा दारात आली. "काय करूनशान ठेवलंत? सेतूला विचारलंत का?"

"सेतूला विचारू? मी थोरला आहे!"

"ट्रॅक्टरला माहीत आहे का ते?"

स्त्रियांना यंत्रातले काही कळत नाही, असे मी त्या वेळी मनाशी म्हटले. त्याबद्दल मी नंतर तिची माफी मागितली. ती अद्याप विचाराधीन आहे.

संध्याकाळी सेतूने इंजिन थोडा वेळ चालवले आणि हात दोनतीनदा वरखाली केले. एकही थेंब नाही! सेतूची बायको टाळ्या वाजवीत आत गेली ती थेट देवापुढे. सेतूचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला होता. माझ्या कामगिरीविषयी मी अवाक्षर काढले नाही. अशा गोष्टी योग्य प्रसंगी, मोठ्या लोकांसमक्ष उघड कराव्यात, असा माझा विचार होता.

सोमवारी चाकांखाली लिंबे ठेवून ट्रॅक्टर मिनी लॉरीवर चढवला. मी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात दोन पेने लावून चालकाशेजारी बसलो.

"अण्णा, तू कशाला उगाच उन्हात येतोस?" सेतू म्हणाला.

"तुझ्या बाजूने बोलायला कोणी नको का?"

सिरुसेरीचा मॅनेजर तिशीचा तरुण होता. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात फीत, फितीला त्याचाच फोटो. सगळे बोलणे तमिळमध्ये झाले; येथे मी ते मराठीत देतो.

"हे कोण?" त्याने सेतूला विचारले.

"मी यांचा तांत्रिक सल्लागार," मी सेतूच्या आधी सांगितले.

सेतूने चपलेकडे पाहिले.

काम सुरू झाले. काय सांगू! हिरवळीवर असा सरळ, मऊ पट्टा उमटला की त्यावर पान वाढून जेवायला बसावे! टोकाला गेला की सेतू यंत्र उचली, वळे, पुन्हा टेकवी. उचल, वळ, टेकव. मॅनेजर मान डोलावू लागला. दुसरा पट्टा झाला, तिसरा झाला. ऊन चढले, इंजिन तापले, आतले तेल तापले. मला वाटले, योग्य प्रसंग हाच.

"सार, जमिनीकडे नीट पाहा. आहे का थेंब? नाही! कारण लोक खालची गळती बुजवतात. आम्ही मुळावर घाव घातला!"

"खूप छान," तो म्हणाला. "हा शिटीसारखा आवाज कसला?"

आवाज मीही ऐकला. घरी असा आवाज आला की अंबुजा गॅस बारीक करते. येथे बारीक करण्याजोगे काही दिसेना. इतक्यात 'फट्' असा बार झाला आणि तेल मोजायची पट्टी दिवाळीतल्या बाणासारखी आभाळात गेली! तिच्यामागोमाग तेलाचे कारंजे! खाली नव्या सीलनेही दम सोडला आणि दोन्ही बाजूंनी धारा लागल्या. लोखंडी हातांतले बळ गेले, उचललेले यंत्र खाली बसले आणि हिरवळ मुळासकट खरवडू लागले. इंजिनाच्या घरघरीत पुढे तोंड करून बसलेल्या सेतूला यातले काहीच कळले नाही!

"सेतू, थांब!" मी दोन्ही हात हलवीत धावलो.

त्याला वाटले, मी डावीकडे वळायला सांगतो आहे. थोरल्या भावाची आज्ञा! तो डावीकडे वळला. डावीकडे कंपनीचे नाव फुलझाडांनी लिहिलेले होते. होते, असेच म्हणावे लागेल. पहिली दोन अक्षरे गेली. मी अधिक जोरात हात हलवले. तिसरेही गेले!

अखेर पाठीवर ऊन ऊन तेल पडले तेव्हा सेतूने मागे वळून पाहिले आणि इंजिन बंद केले. काचेच्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर माणसे उभी होती. मॅनेजरच्या पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरपी रेघ उमटली होती, जानव्यासारखी.

सेतू खाली उतरला. तोंड पुसले. आसनामागे वाकला आणि तो दगड झालेला गोळा नखाने टोकरून पाहिला. त्यावर माझा अंगठा स्पष्ट उमटलेला होता.

"अण्णा, हे तू केलंस?"

"गळती होती ना रे तिथं…"

"हे श्वासाचं भोक आहे. तेल तापलं की आतली हवा इथून बाहेर पडते. तू त्याचं नाक दाबून धरलंस."

"मला वाटलं, खालच्यापेक्षा वरचं…"

"खालचं मी नीट केलं होतं, अण्णा."

तो ओरडला असता तर मी उत्तर दिले असते. उत्तर देण्यात मी हरणारा नाही. परंतु तो एवढेच म्हणाला, आणि फडके घेऊन फुलझाडांमधले तेल पुसू लागला. परतीच्या वाटेवर लॉरीत मध्येच सेतूने पाण्याची बाटली काढली आणि सवयीने आधी माझ्यापुढे धरली. मी ती न पिता त्याच्याकडे परत दिली.

मॅनेजरने दुसऱ्या दिवसापर्यंत लेखी खुलासा मागितला होता. नाही तर सेतूला त्या परिसरात कोठेच काम मिळू देणार नाही, असे बजावले होते. मी रात्री कागद घेऊन बसलो. 'यंत्राचे वार्धक्य', 'दैवी प्रकोप', 'उष्ण हवामान' अशी कारणे सुबकपणे मांडून वाचून दाखवली.

"ट्रॅक्टरवर ढकलू नकोस," सेतू म्हणाला. "त्याचा काय दोष?"

"खरं लिहा," अंबुजा म्हणाली. "एकदा लिहून तर बघा, कसं वाटतं ते."

मी खरे लिहिले. सदर नुकसानीस अर्जदार जबाबदार नसून त्याचा थोरला भाऊ सर्वस्वी जबाबदार आहे. त्याने कोणासही न विचारता छिद्र बुजवले. अर्जदाराचे काम निर्दोष होते. अर्जासोबत काहीतरी जोडावेच लागते, म्हणून जबाबदार व्यक्तीचा, म्हणजे माझा, पासपोर्ट आकाराचा फोटो जोडला आणि त्यावर सहीसुद्धा केली.

हिरवळीचे काम दुसऱ्याला गेले. ते वर्ष सेतूला परत मिळाले नाही, आणि ते माझ्यामुळे गेले. त्या अर्जाचा परिणाम एवढाच झाला की त्याच आवाराच्या मागच्या बाजूचा पालापाचोळा आणि माती वाहून नेण्याचे काम अधूनमधून सेतूला मिळू लागले. मुलींची शाळा चालू राहिली. सेतू मला अजूनही 'अण्णा'च म्हणतो. मात्र तो ट्रॅक्टर धूत असताना मी जवळ गेलो, की सहज उठल्यासारखे करून माझ्या आणि ट्रॅक्टरच्या मध्ये येऊन उभा राहतो.

एकदा तो जेवणाचा डबा घरी विसरला. तेवढे तरी आपल्या हातून नीट व्हावे म्हणून मी दोन बस बदलून तो घेऊन सिरुसेरीला गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिले, मग आपल्या खोलीच्या काचेकडे पाहिले, मग पुन्हा माझ्याकडे.

"सार, हे तुम्हीच ना?"

काचेवर माझा फोटो चिकटवलेला होता. सहीसकट. खाली तमिळमध्ये ठळक लिहिले होते: 'यांना आत सोडू नये.'

पहारेकऱ्याने डबा घेतला. मी बाजूला उभा राहिलो. शिकलीसवरलेली मुलेमुली ओळीने आत चालली होती. त्या फाटकातून आत शिरता यावे म्हणून वर्षानुवर्षे अभ्यास केलेली ती मुले; प्रत्येकाचा फोटो ज्याच्या त्याच्या गळ्यात लोंबत होता. माझा तेवढा, एका दिवसाच्या कामगिरीवर, कंपनीने थेट प्रवेशद्वारावर लावला होता!