एप्रिलमध्ये स्पेनची द्राक्षं तोडायला निघालो, त्याची गोष्ट

कप आधी खाली ठेवा. चहा नाकातून आला तर मला बोलायचं नाही! मूर्खपणा कोण करत नाही हो? पण आपला मूर्खपणा ठासून, भांडून, समोरच्याला गप्प बसवून करायचा, हे सगळ्यांना जमत नाही. मला जमलं. तेही होणाऱ्या सासऱ्यांसमोर.

तेव्हा मी ऑकलंडला आयटीत होतो, तिथल्या टाकानिनी उपनगरात राहायचो आणि रोज गाडी चालवत ऑफिसला जाता जाता जग सुधारायचो. गार्गी माझ्याच ऑफिसात. आमचं जमलं होतं. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. नाना निफाडकडचे द्राक्षबागायतदार. त्यांच्या मनात गावातल्या एका द्राक्ष एक्स्पोर्टरचा मुलगा होता. मी म्हणजे कॉम्प्युटरवाला, त्यात पुण्याचा, त्यात बोलका. तीन दोष!

तर आपल्याकडचा माल उतरवून, बाग मोकळी करून, नाना आणि माई मार्चअखेरीस लेकीला भेटायला ऑकलंडला आले. खरं म्हणजे मला तपासायला आले.

पहिल्याच संध्याकाळी नाना म्हणाले, "पाहुणे, स्पेनात म्हणे जगात सगळ्यात जास्त द्राक्षबागा आहेत. तिथली तोडणी एकदा बघायची आहे मला. जाताना त्या बाजूनं जाता येईल का?"

त्या बाजूनं! अहो, न्यूझीलंडहून नाशिकला जाताना स्पेन कुठल्या बाजूला येतं? पण मी कसला नाही म्हणतोय! उलट बागेत उभा राहून मीच त्यांना ऐट दाखवली. "नाना, इथून पायाखाली सरळ भोक पाडलं ना, तर पार पलीकडे स्पेनमध्येच निघतं!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

"तोडणी दाखवा," नाना म्हणाले, "मग तुमच्या लग्नाचं बोलू."

झालं! माझं सगळं भवितव्य एका घडाला लटकलं.

नानांना कंपनीबरोबर जायचं होतं. बस, गाईड, हॉटेल, सकाळचा नाश्ता. मला ही कल्पनाच सहन होईना. मी तेव्हा 'स्वतंत्र प्रवास' या विषयावर कुणालाही, कुठेही, न विचारता व्याख्यान द्यायचो. माणसानं अनोळखी गावात चुकावं, हातवारे करून भाकरी मागावी, तेव्हा कुठे त्याला देश कळतो! काचेमागून बघायला आपण काय मासे आहोत? माईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण बाथरूमचं काय रे?"

शेवटी नानांच्या समाधानासाठी आम्ही शहरातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत गेलो. काउंटरवरची बाई गोड होती. "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला आणि एक झकास चित्रांचं ब्रोशर पुढे केलं. 'ऑटम इन स्पेन.' द्राक्षाच्या टोपल्या, लाल पानं, हसणारे म्हातारे. नाना खूश!

मी तारखा बघितल्या. ऑक्टोबर.

माझं डोकंच फिरलं. ऑटम म्हणून पैसे घ्यायचे आणि ऑक्टोबरमध्ये न्यायचं? ऑक्टोबरमध्ये तर वसंत असतो! ऑक्टोबरमध्ये आमच्या गल्लीत चेरीला फुलं येतात!

"ही शुद्ध फसवणूक आहे," मी म्हणालो.

"नाही सर, तिथे ऑटम त्याच वेळी..."

"मला ऑटम शिकवू नका! विद्यार्थी असताना मी इथल्याच हॉक्स बेमध्ये स्वतः द्राक्षं तोडली आहेत. एप्रिलमध्ये!"

"हो, पण ते इथे. तिथे..."

"द्राक्ष ते द्राक्ष! नाना, तुमच्याकडे तोडणी कधी आटपते?"

"मार्च, फार तर एप्रिल," नाना म्हणाले.

"बघा! दोन देशांचा पुरावा आहे!"

बाईनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं. मी बोट वर केलं. मग तिनं 'स्वीट ॲज', म्हणजे इथल्या भाषेत 'बरं बाबा', म्हणून ब्रोशर हळूच मागे ओढलं. बाहेर आल्यावर नाना गार्गीला म्हणाले, "पोरगा फसत नाही हं कुणाला."

नानांच्या तोंडून माझं हे पहिलं कौतुक. मी त्या आनंदात रात्रीच चार तिकिटं काढली. एप्रिलची.

आता तुम्ही म्हणाल, गोलार्ध वगैरे शाळेत शिकला नव्हतास का? शिकलो होतो हो! नकाशात गोलार्ध रंगवूनसुद्धा दिला होता. पण न्यूझीलंडमध्ये आठ वर्षं काढली की अंगालाच सवय होते. एप्रिल आला की पानगळ, अंगात स्वेटर, हवेत शेकोटीचा वास. माझ्या अंगानं ठरवून टाकलं होतं, एप्रिल म्हणजे शरद. डोक्याला कुणी विचारलंच नाही.

माद्रिदला उतरलो. भाड्याची गाडी घेतली, कागदी नकाशा गार्गीच्या मांडीवर दिला आणि उत्तरेला रिओहाकडे निघालो. द्राक्षांचा मुलूख! हॉटेलचं बुकिंग? छे! शरदात गर्दी ओसरते, वाटेल तिथे उतरा, असं मी एका मासिकात वाचलं होतं.

शहर संपलं आणि माई म्हणाल्या, "अगंबाई, किती कोवळी पालवी आहे झाडांना!"

"सदाहरित असतील माई," मी म्हणालो.

थोड्या वेळानं रस्त्याच्या कडेला लालभडक फुलांचा गालिचा लागला. "पानगळीत इतकी फुलं?" माई.

"इकडे शरदात फुलतात." कशाच्या जोरावर बोललो, देव जाणे!

गार्गी नकाशातून वर बघत म्हणाली, "अरे, ऐक ना, मला एक शंका येतेय..."

"गार्गी, वळण जाईल! नकाशा बघ!"

तेवढ्यात पहिली बाग दिसली. नाना एकदम पुढे सरकले. "थांबवा गाडी!"

मी थांबवली. नाना धोतर सावरावं तशी पँट वर ओढून शेतात शिरले. आपल्यासारखा मांडव नाही, काही नाही. गुडघ्याएवढे काळे बुंधे रांगेनं उभे. ना पान, ना घड. नाना उकिडवे बसले. एका काडीवरून अंगठा फिरवला. खूप वेळ फिरवला.

"छाटणी झालेली आहे," ते म्हणाले. "डोळे फुटायला लागलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे तोडणी कधीच उरकली, पाहुणे. तोडणीनंतर वेलाला विसावा देतात, मग छाटतात. आमची एप्रिल छाटणी असते तशीच. उशीर केलात तुम्ही."

उशीर केलात! मला त्या बुंध्यांच्या जागी निफाडचा तो मुलगा दिसायला लागला. रांगेनं उभा. शेकड्यानं.

पण हार मानेन तर मी कसला? "नाना, उत्तरेला थंडी जास्त. तिथे उशिरा पिकत असणार!"

नानांनी विचार केला. "हे मात्र खरं."

आणि मग, मंडळी, मी गाडी हाणली! पाच महिन्यांनी येणाऱ्या तोडणीला गाठायला मी उत्तरेकडे पळत होतो. पुढची बाग, छाटलेली. तिच्या पुढची, छाटलेली. प्रत्येक बागेपाशी नाना म्हणायचे, "गेली." घरातलं माणूस गेल्यासारखं! डोंगर लागला, त्यावर बर्फ. मला उलट धीर आला, "बघा, थंडी!" पाऊस सुरू झाला. माई मागून म्हणाल्या, "मला भूक नाही हो, तुम्ही चला." बायका असं म्हणतात तेव्हा प्रकरण किती पुढे गेलेलं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पेट्रोल पंपावर थांबलो तर शेजारी एक मोठी टूरबस. आतली मंडळी उबेत बसून सँडविच खातायत. गाईड हसत हसत माइकवर काहीतरी सांगतोय. नाना त्या बसकडे बघत राहिले.

"अरे, आता तरी ऐक," गार्गी कुजबुजली. "हे सगळं मला..."

"नंतर, गार्गी! एखादी तरी रांग शिल्लक असेल. एक घड मिळाला तरी पुरे!"

"घड नाहीयेत, कारण..."

"कारण मी हळू चालवली!" आणि मी गिअर टाकला.

रिओहात पोचलो तेव्हा उजेड उतरत होता. एका दगडी घराजवळच्या बागेत एक बाई वेलींना काठ्या बांधत होती. मी गाडी अर्धी रस्त्यावर सोडून चिखलातून धावलो. मागून नाना. त्यांच्या मागून गार्गी. माई गाडीत, बहुधा प्रार्थना करत.

"इंग्लिश?" मी ओरडलो.

"थोडं थोडं," बाई म्हणाली. तिनं काठी मात्र हातातच ठेवली होती.

"प्लीज! एखादी रांग राहिली आहे का? तोडणीची? आम्ही न्यूझीलंडहून आलोय. माझं लग्न अवलंबून आहे!"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग वेलीकडे. मग परत माझ्याकडे.

"तोडणी? कुठली?"

"या वर्षीची! या शरदातली!"

"या वर्षीची तोडणी अजून व्हायची आहे," ती एकेक शब्द सावकाश ठेवत म्हणाली. वेड्याशी बोलतात तसं. "हा वसंत आहे. शरद ऑक्टोबरमध्ये."

आणि ऐका माझा निर्लज्जपणा. मी म्हणालो, "नाही, ऑक्टोबरमध्ये वसंत अस..."

तिथे थांबलो. पायाखालच्या चिखलाकडे बघितलं. इथून सरळ भोक पाडलं तर कुठे निघेल, ते आठवलं.

पाऊस पडत होता. बाईनं घराकडे वळून मोठ्यानं काहीतरी सांगितलं आणि आतून खदाखदा हसण्याचे तीन वेगवेगळे आवाज आले. स्पॅनिश येत नसताना मला त्यातला शब्दन् शब्द कळला!

"तीनदा सांगायचा प्रयत्न केला मी," गार्गी म्हणाली.

नाना हसले नाहीत. ते दोन रांगांमधून चालत लांब गेले. पाठ आमच्याकडे, हात मागे. शेताच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मी गार्गीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघेना. मनात म्हटलं, संपलं. आता हा माणूस वळणार आणि निफाडला फोन लावणार.

नाना वळले. सावकाश चालत आले. माझ्यासमोर उभे राहिले.

"म्हणजे त्या ऑफिसातली बाई बरोबर होती."

"हो, नाना."

"तुम्ही तिला बोलू दिलं नाहीत."

"नाही."

"आणि गार्गीलाही."

"...नाही."

"मीही मान डोलावली, ते सोडा. मी म्हातारा, आपल्या बागेपलीकडचं मला काय कळतं? पण निफाडच्या त्या मुलाला मी विचारलं होतं, स्पेन बघायला येतोस का. तो म्हणाला, बघू. वर्ष झालं, अजून बघतोय. तुम्ही घेऊन आलात. भलत्या वेळी आणलंत, पण आणलंत." ते थांबले. "करा लग्न."

मला वाटलं पावसाच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं. गार्गीनं माझा हात इतका दाबला की बरोबर ऐकल्याची खात्री पटली. मी वाकून नमस्कार करायला गेलो तो चिखलात गुडघाभर रुतलोच.

"पण एक अट आहे," नाना वरून म्हणाले. "तोडणी मला बघायचीच आहे. ऑक्टोबरात. कंपनीबरोबर, गाईड घेऊन."

"नक्की जा, नाना! मी स्वतः बुकिंग करतो!"

"बुकिंग मी करीन. तुम्ही फक्त यायचं."

"आम्ही? पण ऑक्टोबरची सुट्टी तर आम्ही हनिमूनसाठी राखून ठेवलीय."

"तेच म्हणतोय मी."

जूनमध्ये नाशकात लग्न झालं आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही हनिमूनला निघालो. मी, गार्गी, नाना, माई, एक गाईड, एक ड्रायव्हर आणि बसभर सेवानिवृत्त मंडळी! द्राक्षं? अहो, काय द्राक्षं होती! टोपल्याच्या टोपल्या! नाना तर शेतातच मुक्काम करायला निघाले होते.

माझी जागा नानांनी पहिल्याच दिवशी ठरवून दिली होती. सगळ्यात पुढे, गाईडच्या शेजारी. तो सांगेल ते मधे न बोलता, शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. हनिमूनभर मी स्पेनचा इतिहास ऐकला. आणि माझी नवी नवरी मागच्या सीटवर आईच्या खांद्यावर डोकं ठेवून द्राक्षं खात होती.