सात गोष्टी आणि आप्पांची मिशी

संध्याकाळी व्हॅन झाडायला घेतली की काचेचा चुरा निघतोच. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी सीटखालून परत चिमूटभर बाहेर येतो. आमच्या किश्श्यांचं तसंच आहे. चहाला बसलो की एक निघतो, आणि तो सांगून होईपर्यंत मागचा दुसरा आठवलेला असतो.

आधी धंदा सांगतो. गाडीची पुढची काच तडकली की आम्ही व्हॅन घेऊन तुमच्या घरी येतो, नाहीतर ऑफिसात येतो, आणि जागेवर नवी काच बसवून देतो. कोल्हापुरात शाहूपुरीत एक छोटं ऑफिस आहे. तिथं फोनवर माझी सुरेखावहिनी. व्हॅन मी चालवतो, काच आप्पा बसवतात. आप्पा गडहिंग्लजकडचे, पन्नाशी ओलांडलेले, कामाला एक नंबर. आणि मिशी? सकाळी व्हॅनमधून आधी मिशी उतरते, मग आप्पा उतरतात!

आदल्या दिवशी वहिनी प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करते आणि तयारी सांगते. "गाडी सपाट जागेवर लावा. वर छप्पर पाहिजे. दारं पूर्ण उघडतील एवढी जागा सोडा. डॅशबोर्ड आणि पुढच्या सीटा रिकाम्या करा. काच कोरडी ठेवा. जनावर बांधून ठेवा. आणि किल्ली हाताशी ठेवा." बस्स, सात गोष्टी. गिऱ्हाईक म्हणतं, "व्हय, व्हय, समदं करतो की!"

आणि आम्ही परत आलो की वहिनीचा एकच प्रश्न असतो, "किती?"

उत्तर बहुतेक वेळा सातातल्या तीन. चांगला दिवस असला तर चार.

*

हे मिशीचं प्रकरण सुरू झालं शाहूपुरीतल्याच एका गुळाच्या व्यापाऱ्यामुळं. ऑफिसपासून चालत पाच मिनिटांवर त्यांचं गोडाऊन. गाडी छपराखाली होती, जागा सपाट होती. पण गाडीच्या चारी बाजूंनी गुळाच्या ढेपा छातीपर्यंत रचलेल्या! दार उघडायचं लांबच राहिलं, गाडीजवळ जायलाच वाट नव्हती.

मी म्हणालो, "शेठ, जागा सोडायला सांगितलीती की."

शेठ म्हणाले, "सोडलीती हो! काल सोडलीती, आज माल आला."

हमाल जेवायला गेलेले. मग काय, मी, आप्पा आणि शेठ अशा तिघांनी मिळून दीड तास ढेपा हलवल्या. काच बसवायला त्याहून कमी वेळ लागला. निघताना शेठनी आपुलकीनं आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पावणं, तुमचा हात बगून वाटतंय, हिकडंच कामाला या."

ऑफिसात आलो तेव्हा आप्पांच्या मिशीला गूळ लागलेला होता आणि डोकं तापलेलं. वहिनीनं विचारलं, "किती?"

आप्पा कडाडले, "कशाला इचारायलीस, अक्का? तू भिताडाशी बोलतीस. ह्या कोल्हापूर जिल्ह्यात सातच्या सात करणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आला, तर ही मिशी उतरवतो!"

वहिनी शांतपणे म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलंय."

सगळे म्हणजे मी आणि चहावाला. पण चहावाल्यानं ऐकलं म्हणजे संध्याकाळपर्यंत आख्ख्या शाहूपुरीला कळलं होतं. त्या दिवसापासून लोक आप्पांना "काय आप्पा, बरं हाय न्हवं?" असं मिशीकडं बघून विचारायला लागले.

*

पुढच्याच आठवड्यात एका ऑफिसच्या पार्किंगमध्ये काम निघालं. गाडी तिथल्या साहेबांची. सगळं झकास होतं, फक्त किल्ली वर साहेबांच्या टेबलावर राहिलेली आणि डॅशबोर्डवर गणपती. चांगला वीतभर, खालून घट्ट चिकटवलेला. आप्पा म्हणाले, "साहेब, ह्यो जरा काढाय लागतोय."

साहेब गोरेमोरे झाले. गणपती त्यांच्या आईनं बसवलेला, आईला विचारल्याशिवाय हलवायचा कसा? फोन झाला. आई म्हणाल्या, "हात लावू नका, मी येतोय." वीस मिनिटांत आई रिक्षातून हजर झाल्या. हातात ताम्हण, समई, दुर्वा, सगळं साग्रसंगीत!

साहेबांची आई आलेली बघून ऑफिस खाली उतरलं. कुणी टाळ्या धरल्या, कुणी फाईलवर ठेका धरला. पार्किंगमध्ये आरती झाली. सिक्युरिटीवाल्यानं गेट बंद करून टोपी काढली. आप्पा हातात जुनी काच सोडवायची पाती घेऊन डोळे मिटून उभे. मग आईंनी देव अलगद उचलला, आणि मागून कोण तरी सवयीनं ओरडलं, "पुढच्या वर्षी लवकर या!"

आई गर्रकन वळल्या. "आरं मुडद्या, इसर्जन न्हाय! निस्ता मागच्या सीटवर ठिवायलोय!"

परत आल्यावर वहिनीनं विचारलं, "किती?" आप्पा मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "पाच. पण परसाद चांगला हुता."

*

एका दूधवाल्या पैलवानांकडं तर आम्ही पोहोचण्याआधीच त्यांचा फोन आला होता. "कुत्रं बांधलंय, पावणं. अजाबात भ्यायचं न्हाय. या."

गाडी गोठ्यात लावलेली. वर पत्रा, खाली कोबा, एकदम सपाट. कुत्रं खरंच साखळीला होतं आणि बिचारं झोपलेलं होतं. आप्पांनी जुनी काच काढली, कडेला काळा गम लावला, आम्ही दोघांनी मिळून नवी काच बसवली. हा गम सुकेपर्यंत काचेला धक्का लागून चालत नाही. आप्पा दोन पावलं मागं सरले आणि मान तिरकी करून आपलंच काम बघत राहिले. ते काम झाल्यावर नेहमी असं बघतात, मला ते फार आवडतं.

तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून एक भलंमोठं काळं तोंड पुढं आलं आणि नव्या काचेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जीभ फिरवून गेलं. मग म्हैस वळली आणि बॉनेटला पाठ घासायला लागली. गाडी हलायला लागली!

"पैलवान! म्हस मोकळी हाय की ओ!"

पैलवान चरवी घेऊन सावकाश आले. म्हणाले, "व्हय. ती माणसाळलेली हाय."

"जनावर बांधाय सांगितलंतं!"

"बांधलंय की. ते काय झोपलंय." आणि मग जरा दुखावल्या आवाजात, "म्हशीला कोण जनावर म्हणतंय व्हय?"

आम्ही दोघं काचेला तळहात लावून अर्धा तास उभे राहिलो. मधूनमधून पैलवान आम्हाला तांब्यातून दूध पाजत होते, हात मोकळे नव्हते ना!

*

जोतिबाच्या डोंगरावर मात्र आप्पांची मिशी खरोखर धोक्यात आली. तिथं एक नारळ-गुलालाचे दुकानदार आहेत, अगदी शिस्तीचा माणूस. सपाट जागा, ताडपत्रीचं छप्पर, दारं मोकळी, डॅशबोर्ड आरशासारखा स्वच्छ, काच कोरडी ठणठणीत. मांजर टोपलीखाली. किल्ली त्यांनी स्वतः गळ्यात अडकवलेली. मी बोटं मोजली आणि आप्पांकडं बघितलं. आप्पा माझ्याकडं बघेनात.

जुनी काच निघाली. गम लावायच्या आधी चौकट अगदी स्वच्छ आणि कोरडी लागते, धुळीचा कण चालत नाही. आप्पांनी पुसून पुसून ती लखलखीत केली. आणि त्याच वेळी वरच्या वळणावरून ढोल वाजला. कुणाचा तरी नवस फिटला होता, साठ-सत्तर माणसं नाचत येत होती. दुकानदारांनी आपल्याच दुकानातलं पोतं उघडलं आणि दोन्ही हातांनी गुलाल आभाळात फेकला. "चांगभलं!"

गुलाल खाली बसला तेव्हा चौकट गुलाबी, सीटा गुलाबी, मी गुलाबी. आप्पांची मिशी तर विचारूच नका.

मी म्हणालो, "अवो, तुमची सोताची गाडी उघडी हाय, आणि तुमीच?"

दुकानदार म्हणाले, "देवाचं माणूस दारावरनं जातंय आणि मी हात बांधून बसू व्हय? आणि तुमच्या वहिनीनं गुलालाचं काय सांगितलं न्हवतं!"

चौकट साफ करायला तीन तास गेले. वहिनीनं विचारलं, "किती?" मी म्हणालो, "सहा, सीटांवर गुलाल." आप्पांचं गुलाबी तोंड बघून तिला हसू आवरेना. पण नंतर तिनं बसलेला घसा खाकरला. "सहापर्यंत आलंतं," एवढंच म्हणाली. दिवसभर तेच तेच सांगून तिचा घसा बसतो, ते आम्हाला कुठं दिसतं? मला वाईट वाटलं. आप्पांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी त्या दिवशी मिशीला पीळ दिला नाही.

*

काम झाल्यावरच्या सूचना वेगळ्या असतात. दोन दिवस गाडी धुवायची नाही, दार आपटायचं नाही. दार धाडकन लावलं की आतली हवा दाबली जाते आणि ओल्या गमावर ताण येतो. आप्पांनी हे एका गृहस्थांना फारच दम देऊन सांगितलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी त्यांचा वहिनीला फोन आला.

"ताई, आता दार लावलं तर चालंल काय?"

वहिनी म्हणाली, "लावा की! म्हणजे? अजून लावलंच नाही?"

"आपटंल म्हणून लावलंच न्हाय. चारीबी उघडी ठिवलीती."

"मग आता लावा. आणि गाडी खुशाल चालवा."

पलीकडं कुणाशी तरी कुजबुज झाली. मग, "तेवढी आडचण हाय बगा. डायव्हरच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलीय. घरात म्हणत्यात, एकवीस दिस हलवू नका."

*

आणि मग गगनबावड्याचं काम आलं.

फोन एका आजींचा होता. शाळेतल्या निवृत्त बाई. गाडीच्या काचेला लांब तडा गेलेला, चालवायची भीती वाटते, म्हणून तुम्हीच या म्हणाल्या. वहिनीनं सातही गोष्टी सांगितल्या. आजी म्हणाल्या, "थांबा, लिहून घेते. आता सावकाश सांगा." लिहून झाल्यावर त्यांनी वहिनीला सगळं परत वाचून दाखवलं. एक आकडासुद्धा मागंपुढं नाही! वहिनीनं फोन ठेवला आणि आप्पांना म्हणाली, "वस्तऱ्याला धार लावून ठेवा."

आप्पा हसले. पण वाटेत दोनदा त्यांनी व्हॅनच्या आरशात बघितलेलं मी पाहिलं.

गगनबावड्याचा पाऊस म्हणजे पाऊस. वायपर चालतोय का बंद आहे, कळत नव्हतं. आम्ही पोहोचलो तर आजी दारात छत्री घेऊन उभ्या. "आलासा? आधी चहा घ्या." आप्पा म्हणाले, "आधी जागा बगू, आजी."

आजींनी आम्हाला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. भिंतीवर वहीचा कागद, मोत्यासारख्या अक्षरात सात गोष्टी, आणि प्रत्येकीपुढं बरोबरची खूण. खाली आदल्या दिवशीच मुरूम टाकून, चोपून जमीन सपाट केलेली. वरचा पत्रा एका थेंबालाही गळत नव्हता. कुत्रं बांधलेलं. कोंबड्या डालग्याखाली. एका परातीत डॅशबोर्डवरचं सगळं सामान, वर रुमाल झाकलेला. कागदाखाली खिळा, खिळ्याला किल्ली. आणि जमिनीवर खडूच्या भुकटीनं गाडीचा आकार काढलेला, चारी दारं पूर्ण उघडी असतानाचा! दारांची टोकं भिंतीपासून हातभर लांब.

आप्पा त्या खडूच्या रेघांभोवती एक फेरी मारून आले. मग हळूच म्हणाले, "आजी, आणि गाडी?"

आजींचं तोंड उजळलं. "अहो, काल रात्री मुलगा आला पुण्याहून. सकाळी पाऊस बघितला आणि मला म्हणाला, 'आई, एवढ्या पावसात पावण्यांना एवढ्या लांब कशाला बोलवायचं?' तुम्हाला फोन लावला, लागेना. दुसरी किल्ली त्याच्याकडं असते. मग गाडी घेऊन तोच गेला, तुमच्या ऑफिसला. पोचला असंल आता शाहूपुरीत!"

काच आमच्या व्हॅनमध्ये. गम आमच्या व्हॅनमध्ये. आप्पा इथं. आणि गाडी शाहूपुरीत!

मी तोंड उघडणार तोच आप्पांनी माझा दंड दाबला. "लई चांगलं केलंसा," ते आजींना म्हणाले. "आता चहा द्या."

चहा, मग गरम भाकरी, मग परत चहा. परातीतलं सामान आप्पांनी स्वतः रुमालात बांधून घेतलं. निघताना त्यांनी भिंतीवरचा कागदही मागून घेतला. येताना वाटेत कळे गावाजवळ फोनला रेंज आली आणि लगेच तो वाजला. वहिनी होती. मी स्पीकर लावला.

"अहो, कुठं आहात? इथं गगनबावड्याची गाडी आलीय. ऑफिसपुढं चांगल्या सपाट जागेवर लावलीय. वर छप्पर नाही, तर तो मुलगा तासभर काचेवर छत्री धरून उभा आहे. मी आत या म्हणते, तर म्हणतो, 'काच कोरडी पाहिजे, आईनं सांगितलंय.' स्वतः सगळा भिजलाय हो!"

आप्पांनी खिशातला कागद काढून पाचव्या, 'काच कोरडी'च्या ओळीवर बोट ठेवलं, मग घडी घालून परत खिशात ठेवला.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर काच बसली. मुलगा परत गेला. वहिनीचं त्या गडबडीत "किती?" विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा अर्धा तास उशिरा आले, नाकापासून हनुवटीपर्यंत रुमाल बांधून. चहावाला ग्लास हातात धरून जागीच थांबला. वहिनीनं फोन खाली ठेवला, आप्पांकडं बघितलं, आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "किती?"

आप्पांनी रुमाल न सोडता एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं वर केली.