नाथाकाकाच्या गाडीतलं डिझेल इंजिन

माझ्या मंजुळामावशीचा नवरा नाथाकाका जगातल्या बहुतेक गोष्टींना भ्यायचा. विजेला, भटक्या कुत्र्यांना, खाकी कपड्यांना, आणि खाडीला तर सगळ्यांत जास्त. ठाण्याच्या कोळीवाड्यात जन्मून पाण्याला भिणारा माणूस म्हटल्यावर लोक गप्प बसतील होय! मिसरूड फुटलं तरी गडी होडीत पाय ठेवीना, तेव्हा त्याच्या बापानं कपाळाला हात लावला आणि त्याला गाडी शिकायला पाठवलं. आमच्या नात्यात पहिली चारचाकी आली ती अशी भीतीच्या पायगुणानं आली.

गाडी म्हणजे एक जुना छोटा पिकअप. पुढे तिघांची जागा, मागे उघडा हौदा आणि त्यावर ताडपत्री. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी डोंबिवली पश्चिमेला एका शाळेत शिकवत होते आणि रोज सकाळी त्याच गाडीतून पुढे बसून जायचे. मागे मासळीच्या पाट्या घेऊन मंजुळामावशी, म्हातारी जनाबाई आणि मालू. मुंब्रा, शीळफाटा, मग डोंबिवली पूर्वेचा बाजार, आणि शेवटी ठाकुर्लीचं रेल्वेफाटक ओलांडून पलीकडे. काका कुणाला ओव्हरटेक करायचा नाही. बैलगाडीमागेसुद्धा हॉर्न वाजवत, नम्रपणे चालायचा. मला रोज शाळेत उशीर व्हायचा आणि रोज मी त्याच्यावर चिडायचे. बायका त्याला तोंडावर हसायच्या, पण पाट्या त्याच्याच गाडीत चढवायच्या. नाथाच्या गाडीतला माल कधी सांडला नव्हता.

तो गाडी डोळ्यांपेक्षा कानांनी चालवायचा. पेट्रोलचं इंजिन हलक्या आवाजाचं. मागे पाटी सरकली तरी त्याला कळायचं. जनाबाई खोकली की वेग कमी करायचा. मावशीनं मागून पत्र्यावर बोट वाजवलं की लगेच थांबायचा.

हे सगळं माझ्या भिवाजीमामाला बघवलं नाही. मामा म्हणजे मंजुळामावशीचा आणि माझ्या आईचा थोरला भाऊ, स्वतःच्या होडीचा तांडेल, आवाज भरतीसारखा.

"नाथा, पेट्रोल पितंस का ओततंस? डिझेल बसव. माझ्या होडीला डिझेल चालतं, तुझ्या डबड्याला काय झायलं?"

"भिवाजीदादा, होडी मोठी. माझा माल केवढा? चार पाट्या नि तीन बायका. डिझेलचं इंजान जड असतंय. पुढून गाडी बसंल. ब्रेक तर जुनेच राहणार ना?"

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस! अरे, ते इंजान तुझ्या नातवालाबी पुरंल."

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते. विटा-वाळू भरून रोज घाट चढणाऱ्याला डिझेल सोन्याहून पिवळं. ते ओढतं चांगलं, पितं कमी, मरत लवकर नाही. पण हलका माल, जवळची फेरी, दर दोन पावलांवर थांबणं, असल्या संसाराला एवढं दांडगं इंजिन कशाला हवं? हे मामाला कोण सांगणार? मामाशी वाद घालण्यापेक्षा खाडी पोहून जाणं सोपं, आणि काकाला तर पोहताही येत नव्हतं. शेवटी एका मोडीत निघालेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन राघो मेस्त्रीनं काकाच्या पिकअपमध्ये बसवलं.

त्या दिवशी गॅरेजात मीही होते. राघो सगळं समजावून सांगत होता. या इंजिनाला प्लगची ठिणगी लागत नाही. जळण मिळत राहिलं की ते चालत राहतं. म्हणून नुसती चावी फिरवून ते बंद होत नाही, डॅशबोर्डाखालची मूठ ओढून त्याचं डिझेल तोडायचं. इंजिन ज्या डब्यातून हवा आत घेतं त्याच्या तळाशी एक तेलाची वाटी आहे. हवेतली धूळ त्या तेलात बसते. तेल खुणेपर्यंतच ठेवायचं.

काकाचा चेहरा उतरला होता. "राघो, मूठ ओढूनबी नाय बंद झालं तर?"

गॅरेजातली सगळी पोरं हसली. मीही हसले. राघोनंही हसतच सांगितलं, "मग चौथ्या गिअरात घाल, ब्रेकवर उभा रहा आणि क्लच सोड. गुदमरून मरंल. तेवढ्यानं नाय मेलं तर देवाचं नाव घे."

काकानं ते दोनदा वदवून घेतलं.

त्यानंतर गाडीतली मजाच गेली. पुढचं नाक खाली झुकलं. उभी असली तरी गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडायची. जनाबाई म्हणायची, "माझी उरलेली दाढबी पडंल रे, नाथा." मागचं काही ऐकू येईनासं झालं. काका सारखा आरशात बघायचा, सारखा मला विचारायचा, "बायका हायेत ना गं?" जणू त्या वाटेत उतरून जाणार होत्या. ब्रेक पूर्वीपेक्षा लांबून धरावा लागे, आणि फाटकाचा चढ आला की त्याच्या मानेवर घाम दिसायचा. माणूस बहिरा झाल्यावर जसा संशयी होतो तसा तो झाला होता.

मग नारळी पुनव आली. आमच्या मामाच्या घरची एक रीत आहे: पुनवेला घरातलं काही अर्धं ठेवायचं नाही. समई काठोकाठ, पाण्याचा हंडा काठोकाठ, डब्यात तांदूळ काठोकाठ, होडीच्या इंजिनात तेल भरपूर. अर्धं भांडं म्हणजे अर्धी बरकत. त्या वर्षी पूजेला होडीबरोबर पिकअपही धक्क्यावर आणला होता. बॉनेट उघडून मामानं इंजिनाला हळद-कुंकू वाहिलं, नारळ ओवाळला. काका अर्थातच लांब, देवळाच्या पायरीवर. पाण्याच्या कडेला तो यायचाच नाही. हवेच्या डब्याखालची ती वाटी मामानं उघडून पाहिली. तेल अर्ध्यावर. सणासुदीला अर्ध्यावर! त्यानं मोठ्या प्रेमानं कॅन उपडा केला आणि वाटी गळ्यापर्यंत भरली. हे आम्हाला कळलं ते सगळं होऊन गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. शीळफाट्याच्या पुढे रस्त्याची नुसती चाळण झाली होती. गाडी हिंदकळत होती, आणि वाटीतलं ते जास्तीचं तेल, राघोनं नंतर सांगितलं, प्रत्येक खड्ड्याला हवेबरोबर इंजिनात चढत होतं. मध्येच इंजिन आपणहून हुंकारायचं. काका पायाकडे बघायचा. "मी दाबला नाय," तो मला म्हणाला. मी म्हटलं, "काका, तुला भास होतात."

डोंबिवलीत थोडा माल उतरवून आम्ही ठाकुर्लीच्या फाटकाशी पोचलो. फाटक पडलेलं. आमचीच गाडी पहिली, नाक आडव्या दांड्यापासून हातभर. मागे एक रिक्षा अगदी चिकटून, तिच्यामागे ट्रक. काका ब्रेकवर पाय ठेवून थांबला, आणि चढ चढताना मागे कललेलं सगळं तेल एकदम इंजिनात गेलं असावं.

इंजिन किंचाळलं. दुसरा शब्द नाही मला. आवाज चढला, आणखी चढला, थांबेचना. काकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता, मी डोळ्यांनी बघत होते. त्यानं मूठ ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. डिझेल तुटलं होतं, पण इंजिन आता तेल पीत होतं. सायलेन्सरमधून निळा-पांढरा धूर असा काही सुटला की मागची रिक्षा दिसेनाशी झाली. माझ्या पायाखालचा पत्रा तापून थरथरत होता. आता हे फुटणार आणि लोखंडाचे तुकडे आपल्या पोटात घुसणार, एवढंच मला सुचत होतं. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती.

काकानं क्लच दाबून चौथा गिअर घातला. ब्रेकवर दुसरा पाय. आता क्लच सोडायचा एवढंच बाकी. आणि तेव्हा त्यानं आरशात पाहिलं. धूर. मागे बायका आहेत की नाहीत, कळेना. समोर रुळांवरून आगगाडीची शिट्टी. क्लच सोडला आणि त्या जुन्या ब्रेकांनी दगा दिला, तर जड इंजिन गाडीला दांड्यातून थेट रुळांवर नेणार, मागच्या तिघींसकट. क्लच धरून ठेवला तर इंजिन कधीही फुटणार. घातलेला गिअर आता परत निघेना, आणि त्याला पाय हलवताही येत नव्हता. क्लचवरून पाय काढणं म्हणजेच क्लच सोडणं.

तो माझ्या कानाशी ओरडला, "शुभदा, उतर! मागच्यांना उतरव! सगळ्या उतरल्या की मना सांग!"

मी उतरले. मागे धावले. मागचा फाळका रिक्षेमुळे उघडेना. मालूनं बाजूनं उडी टाकली. जनाबाईचे गुडघे वाकेनात. तिनं डोळे गच्च मिटून "आई एकविरे, आई एकविरे" चालवलेलं. मावशीनं तिला आतून ढकललं, मी आणि रिक्षावाल्यानं बाहेरून ओढलं, आणि ती माझ्या अंगावर पडली. लोक लांबून ओरडत होते, "ड्रायव्हर, उडी मार! उडी मार!" काका आत बसलेला. दोन्ही पाय ताठ, पाठ सीटला रेटलेली, तोंड उघडं. तो ओरडत होता की रडत होता, आवाजात काहीच कळत नव्हतं.

मी पुढे धावत जाऊन दोन्ही हात हलवले, सगळ्या उतरल्या म्हणून. त्यानं मान हलवली. तेवढ्यात मावशीनं माझ्या बाजूचं दार उघडलं आणि ती आत चढली. काका तिच्याकडे बघून किंचाळला. त्याचे ओठ मला स्पष्ट दिसले: उतर, उतर, मंजुळे, उतर. तिनं दार लावून घेतलं आणि डाव्या हातानं समोरची कांब धरली. उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

समोरून लांब पल्ल्याची गाडी धडधडत जायला लागली. काका डब्यांकडे बघत होता. एक डबा, आणखी एक, संपतच नव्हते. इंजिनाच्या पोटातून आता काहीतरी ठोकल्याचा आवाज येत होता. मी जनाबाईला घट्ट धरलं होतं; की तिनं मला, आठवत नाही. शेवटचा डबा गेला आणि काकानं क्लच सोडला.

पिकअपनं उसळी घेतली. चाकं घट्ट धरलेली असूनही गाडी फरपटत पुढे गेली, दांडा कडकन वाकला, नाक दांड्याखाली घुसलं. इंजिनानं दोन-तीन दणके दिले आणि ते मेलं. एवढी शांतता झाली की गळणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. लोक धावले, कुणी पाठ थोपटली, कुणी "शाब्बास" म्हटलं. काकाला काही ऐकू जात नव्हतं. त्याचा पाय ब्रेकवरून निघेचना. शेवटी मावशीनं खाली वाकून दोन्ही हातांनी तो पाय उचलला आणि बाजूला ठेवला, झोपलेल्या मुलाचा ठेवावा तसा.

संध्याकाळी मामा आला. वाटीचं कळल्यावर एवढा मोठा गडी ओसरीवर बसून हमसाहमशी रडला. काकानंच त्याला चहा दिला. राघोनं पिकअपमध्ये पुन्हा पेट्रोलचं इंजिन बसवलं. डिझेलचं दुरुस्त करून मामाच्या एका चुलतभावाच्या होडीत बसवलं, आणि तिथं ते उत्तम चाललं. इंजिनाचा दोष नव्हताच. ते चुकीच्या घरी दिलेलं होतं.

पेट्रोलवर पहिली फेरी निघाली तेव्हा मावशी मागे न बसता पुढे आमच्यात येऊन बसली. गाडी पूर्वीसारखीच रेंगाळत होती आणि मला पूर्वीसारखाच उशीर होत होता, पण त्या दिवशी मी चिडले नाही. मुंब्रा आलं. मग काकानं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "मंजुळे, त्या दिशी सगळ्या उतरल्या. तू परत कनाला चढलीस?"

मावशीनं समोरची कांब धरली.

"एकट्याला तुमाना भ्याव वाटला असता," ती म्हणाली.