जाळ्यातला चमचा

देवगाव फाट्यावर एसटीतून उतरले, तेव्हा शैला स्कूटी घेऊन उभीच होती. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, लग्नानंतर सेलूची झालेली. "पाखरं बघायला पुण्याहून इकडं येणारी तू एकटीच!" ती हसली आणि आम्ही वालूरच्या बाजूला निघालो. दोन्हीकडे तुरी पिवळ्या पडत होत्या. ऊन थंडीतलं, मऊ.

बेशरमाच्या झुडपांमागून तळं एकदम समोर आलं. पाणी मागे हटलं होतं आणि काठाला गाळपेर (पाणी ओसरल्यावर ओल्या गाळात केलेली पेरणी) हरभरा हिरवागार डोलत होता. त्यापुढे लव्हाळ्याची दलदल. तिच्यात काय नव्हतं! तांबड्या काटकुळ्या पायांचे शेकाटे, पानांवरून अलगद चालणारे कमळपक्षी, आणि मधोमध सोनेरी-भगव्या चक्रवाकांची जोडी. दुर्बीण खाली ठेवावीशी वाटेना.

दुर्बिणीतूनच मला तो दिसला. पांढराशुभ्र चमचा (पळीसारख्या चपट्या चोचीचा पक्षी) माशांच्या जाळ्यात अडकून पंख आपटत होता. मी तशीच धावले आणि गुडघ्यापर्यंत रुतले.

"ओ बाई, थांबा तिथंच! गाळ लय हाय!" हरभऱ्यातून एक बाई ओरडत आल्या. त्या कौसाबाई. शेत त्यांचं, जाळंही त्यांच्याच घरचं. त्यांनी मला ओढून काढलं. एक चप्पल मात्र गाळाने ठेवून घेतली.

त्यांचे पती रामभाऊ पाण्यात उतरले. "सोडवून बघतो. जाळं नवं हाय, कापायचं न्हाई." पण ते गाठ सोडवायला गेले की पक्षी झटापट करी आणि दोरा पंखात आणखी रुते.

"अवो, मरायलाय ते!" कौसाबाई कळवळल्या. "कापा म्हणते ना! जाळं सांधता येतंय."

रामभाऊंनी गाठीवरचा हात काढला. मग म्हणाले, "विळा आण."

कौसाबाईंच्या मागोमाग मीही पाण्यात गेले. माझी ओढणी पक्ष्याच्या डोळ्यांवर टाकली आणि त्याला छातीशी धरलं. केवढंसं वजन, आणि काळीज कसं धडधडत होतं! रामभाऊ एकेक दोरा कापत गेले. जाळ्याला हे एवढं भगदाड पडलं.

ओढणी काढली. तो उडालाच नाही. लंगडत उथळ पाण्यात जाऊन उभा राहिला. पंख मोडला असेल का? मग त्याने अंग झाडलं, चोच पाण्यात बुडवली आणि ती डावी-उजवीकडे फिरवत चक्क चरू लागला.

"भूक लागली व्हय त्याला!" रामभाऊ हसत सुटले.

बांधावर कौसाबाईंनी मला आणि शैलाला भाकरी आणि करडईची भाजी वाढली. आमचे हात पुसून होताहेत तोच चमचा उठला, पाण्यावरून नीट, सरळ उडत गेला.

परतीच्या एसटीत मला जाणवलं की ते उड्डाण मी धड पाहिलंच नाही. त्या वेळी मी बघत होते कौसाबाई आणि रामभाऊंकडे. कपाळावर हाताचा आडोसा धरून, तो दिसेनासा होईपर्यंत, ते वर बघत उभे होते.