रोवण्यात खूण सापडत नाई

माह्या सुनेचं तिसरं लेकरू पोट फाडून झालं. तवाच सरकारी डाक्टरीन बाई बोलली, आता चौथं नको, अंगात रक्त नाई, शिवन उसवली तं बाई हाती लागनार नाई. नस बांधून टाकतो म्हने. आमी नाई म्हनलं. आमी कॅथलिक मानसं. माहा सासरा छत्तीसगडाकडून मिशनच्या शेतीवर राबाले आला, तवापासून. आमच्यात नस बांधनं पाप, गोळी खानं पाप, आन पोट पाडनं तं सगळ्यात मोठं.

मंग मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं सुनेले दुसरा रस्ता शिकवला. आपल्या अंगावरून काय जाते तिकडं ध्यान ठेवाचं, तीच खूण. कोरडं हाये तवर भेव नाई, ओलं-चिकट लागलं की नवऱ्यापासून अलग झोपाचं. पोरगा आधी हासला. म्हने, आता सिस्टरले विचारून खाट टाकाची का? पन मानला. दोन साल सगळं नीट चाललं, खोटं कायले बोलू.

मंग नहरीले इटियाडोह धरनाचं पानी सुटलं आन रोवना लागला. दिवस बुडेपर्यंत गुडघाभर चिखलात वाकून धान रोवाचा, साडी कमरेपर्यंत ओली, वरून झड. त्यात बाईनं काय ओलं आन काय कोरडं पाहावं? हे आधी सिस्टरच्या ध्यानात आलं नाई. मी जनम रोवन्यात काढला, माह्याबी नाई आलं.

पोळ्याच्या आधी सून गोठ्यात शेन काढता काढता म्हनली, "आई, दिवस गेले." तिनंच पुढं सांगतलं, मेडिकलमधून गोळ्या आनून मोकळी होईन, तुमी कोनाले सांगू नका.

खालच्या वस्तीतल्या एका बाईनं तशाच गोळ्या खाल्ल्या होत्या. रक्त थांबेना. जीपमधून गोंदियाले नेली, तवा सीट ओली झाली होती. ती वाचली, तिच्या अंगात रक्त तं होतं. माह्या सुनेच्या अंगात काय हाये? तवापासून मी तिच्या मागंमागं. संडासात गेली तं बाहेर उभी. दळनाले निघाली तं मीबी निघाली. पोटाले हात लावला तरी विचारू, काऊन वं, दुखते का? ती वैतागून म्हने, "आई, गाभन म्हशीवानी राखन करून राहिल्या माही." मी हासली. पन तिचा माग सोडला नाई.

शेवटी सिस्टरकडं गेली आन जे होतं ते बोलली. "सिस्टर, आधीच रोजची गोळी खाल्ली असती तं आज ह्या गोळ्यांची गोष्टच निघाली नसती. लहान पाप टाळलं, मोठं पाप दारात आलं."

सिस्टर केरळकडची, हिंदीच बोलते. चिडली नाई. म्हने, "माँजी, रोज की गोली खाने वाली भी तो रोते हुए आती हैं मेरे पास."

तेबी खरंच. कोनाची गोळी चुकते, कोनाची संपते, आन त्याबी पोट पाडाले जातात. पन कमी जातात, असं मले वाटते. मी काई मोजलं नाई. तिनंबी नाई. मंग सिस्टर म्हने, मेडिकलचं नाव काढू देऊ नको, सरकारी दवाखान्यात मी संग येतो.

डाक्टरीन बाई आमाले रागावली नाई. म्हने, लेकरू ठेवाचं तं रक्त चढवा लागंल, आठव्या महिन्यापासून इथंच भरती व्हा लागंल. नसंल ठेवाचं तं तेबी इथंच करा, घरी नाई. तिनं ना मले विचारलं ना सिस्टरले. सुनेले विचारलं.

सून माह्याकडं पाहे. मी म्हनलं, "तुहं तू सांग वं."

"ठेवीन," ती बोलली. "पन त्याच टेबलावर नस बांधून द्या."

सिस्टर नाई म्हनली नाई, हो बी म्हनली नाई. निघताना सुनेची पिशवी तिनं आपल्या हातात घेतली.

आता आठवा लागला. भरती केलं हाये, मी खाटेखाली चटई टाकून असतो. सुनेचे पाय सुजले. ती झोपली की मी तिच्या पावलावर अंगठा दाबून पाहतो. खड्डा पडते. भरून याले लई वेळ लागते. तवर मी अंगठा उचलून तसाच धरून बसतो.