वाट्याला आलेला देश

बडनेऱ्याहून गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर सुदानची फाईल होती आणि डोक्यात बक्षीस. रायपूरला आंतरराष्ट्रीय अभिरूप परिषद होती. विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या देशांचे राजदूत व्हायचं, जगाच्या प्रश्नांवर भाषणं करायची आणि ठराव मंजूर करायचा, असा तो खेळ. बक्षीस घेऊनच येते, असं मी कॉलेजभर सांगून बसले होते.

डोंगरगड गेल्यावर आभाळ भरून आलं ते रायपूरपर्यंत तसंच राहिलं. समता कॉलनीत मावशीकडे उतरले. काका रेल्वेत, म्हणून ही मंडळी कायमची इकडची झालेली. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर कारखान्यांची काळी धूळ बसली होती. ते झटकता झटकता मावशी म्हणाली, "काहून गं, इतकी सुकून गेली? तुले जेवाले देत नाही काय तिकडं?" मावसबहीण पिंकी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. "मम्मी, उसको पहले बैठने तो दो."

सकाळी रिक्षा सदर बाजारात अडकली. दुचाक्यांच्या गर्दीतून बाहेर पडून सभागृहात पोहोचेपर्यंत उद्घाटन संपत आलं होतं. चहाच्या टेबलापाशी एक उंच मुलगा माझ्या गळ्यातली पाटी वाचत उभा राहिला.

"सुदान आप हो?"

"हो, म्हणजे... हाँ."

"मैं सुदान से हूँ. यहाँ नॉर्वे हूँ."

त्याचं नाव इद्रिस. तीन वर्षं तो रायपुरातच शिकत होता. या परिषदेत स्वतःचा देश कुणालाच मिळत नाही, कारण माणूस भावनेच्या भरात बोलतो म्हणे. मला हसू आलं, त्याला आलं नाही. त्याची आई आणि बहीण उम्म सिद्र नावाच्या छोट्या गावात होत्या. दिवाळीपासून त्यांचा फोन लागत नव्हता. युद्धामुळे तिकडे धान्य पोहोचत नव्हतं आणि आमचा ठराव नेमका त्यावरच होता. धान्य कुठे कुठे पाठवायचं, त्या गावांमध्ये उम्म सिद्रचं नाव यावं, एवढंच त्याला हवं होतं.

दुपारी नॉर्वेने ते नाव सुचवलं. अध्यक्षाने कारण विचारलं. अध्यक्ष म्हणजे आमच्याच वयाचा, कोट घातलेला एक मुलगा. इद्रिस म्हणाला, "माझी आई तिथे आहे." इथे "मी" आणि "माझं" चालत नाही, राजदूताने देशाच्या नावानेच बोलायचं असतं. अध्यक्षाने त्याला खाली बसवलं. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

दुसऱ्या दिवशी माझं शेवटचं भाषण होतं. बक्षीस त्याच्यावरच ठरणार होतं आणि भाषण मला तोंडपाठ होतं. "सुदानच्या जनतेच्या वतीने" एवढं म्हटलं आणि समोर इद्रिस दिसला. पुढचं वाक्य जिभेवर येईना. उरलेला वेळ दुसऱ्या देशाला देता येतो, असा एक नियम आहे. मी म्हटलं, "उरलेला वेळ सुदान नॉर्वेला देत आहे." मोठेपणा म्हणून नव्हे. त्याच्या तोंडावर त्याचा देश बोलून दाखवायची मला लाज वाटली.

इद्रिस उठला. उम्म सिद्रच्या विहिरीबद्दल बोलला, बाजाराच्या दिवसाबद्दल बोलला आणि एकदाही "माझं" म्हणाला नाही. सिद्र म्हणजे बोर, गावाला बोरीच्या झाडांचं नाव आहे, एवढं सांगून तो बसला. गावाचं नाव ठरावात आलं. ठराव एकमताने मंजूर झाला, टाळ्या पडल्या. बक्षीस फ्रान्सला गेलं.

संध्याकाळी त्याला मावशीकडे जेवायला नेलं. मावशीने फरे (तांदळाचे वाफवलेले मुटके) केले होते. गावाच्या नावाचा अर्थ कळल्यावर ती खूश झाली. "म्हणजे बोरगावच म्हणा ना. माहं माहेरही बोरगावच." धान्याचा ठराव मंजूर झाल्याचं मी सांगितलं. त्याला आणखी दोन फरे वाढत तिने विचारलं, "मंग धान्य कधी निघून राहिलं तिकडं?"

पिंकी हळूच म्हणाली, "मम्मी, वो सब झूठमूठ का है."

इद्रिसला हिंदी चांगली समजत होती. त्याने मान हलवली. "हव, आंटी," तो इथल्यासारखं म्हणाला, "झूठमूठ." मग त्याने ताटातलं सगळं संपवलं. मावशी पदराने डोळे पुसत आत गेली.

परतीच्या गाडीत बाहेर बघावंसं वाटलं नाही. दोन दिवस आम्ही एका खऱ्या भुकेवर भाषणं केली, एकमेकांच्या इंग्रजीचं कौतुक केलं आणि घरी निघालो. फाईल बॅगेत तळाशी होती. घरी आल्यावर सगळ्यांनी बक्षिसाचं विचारलं, तेव्हा गाडीत झोप झाली नाही म्हणून मी पडून राहिले.

आता मावशीचा फोन आला की आधी माझ्या जेवणाची चौकशी होते. मग ती आवाज खाली आणून विचारते, "बोरगाववरून काही खबर?"

मी इद्रिसला विचारते. तो "नहीं" लिहितो. मी मावशीला तेच सांगते. "बरं," ती म्हणते, आणि फोन लगेच ठेवत नाही.