ताराअक्का त्या सकाळी कुठे होती?

मी आज जो काही आहे तो ताराअक्कामुळे. एरंडोलजवळच्या आमच्या खेड्यात मी लोकांची गुरं राखायचो. तिथून तिने मला उचलून जळगावच्या मिशनच्या वसतिगृहात आणलं. ती तिथली मेट्रन. मी बी.एस्सी. होईपर्यंत ती माझ्या मागे उभी राहिली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि नंतर शाळेत विज्ञानाचा शिक्षक. हे सांगायचं कारण एवढंच, की भास, चकवा, भूतखेत... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. प्रार्थनेवर होता, आजही आहे — पण ती वेगळी गोष्ट.

सत्तरच्या आसपासची दिवाळीची सुट्टी. अक्काचं एक काम होतं, जे तिला कोणी नेमून दिलेलं नव्हतं. धुळे जिल्ह्यातल्या आडबाजूच्या खेड्यांत काही परदेशी मिशनरी कुटुंबं राहायची. अक्का दर सुट्टीत केळ्यांची फणी घेऊन एस.टी.ने त्यांच्याकडे जायची, एक-दोन दिवस राहून, पोटभर गप्पा मारून परत यायची. आमच्या अहिराणीत म्हणायची, "बठ्ठा लोके त्यासले मांगतस. जेवनात का, असं त्यासले कोन इचारस?" सगळे त्यांच्याकडे मागायलाच जातात, ही तिची खंत.

त्या वर्षी ती मोरीत घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात पाय वजनं लावून टांगलेला. मी भेटायला गेलो तर स्वतःच्या पायाबद्दल चकार शब्द नाही. इंग्रिडबाईंचीच काळजी.

साक्रीच्या पुढे एका गावात इंग्रिडबाईंचं हे नॉर्वेचं कुटुंब होतं. मोठ्या मुलाला दूर डोंगरावरच्या बोर्डिंग शाळेत ठेवल्यापासून बाई मिटून गेल्या होत्या. साहेब दिवस दिवस पाड्यांवर. "ती पोरगीला घेऊन देशाला निघून जाईल बघ," अक्का म्हणाली. "मग साहेबही टिकायचा नाही. भाऊ, माझ्या बदली तू जा."

"मी? मी काय बोलू त्यांच्याशी?"

"भाषण नको ठोकू. जेवनी का, इचार."

मी लगेच दुसऱ्या दिवशी निघालो. आगाऊ पत्र टाकायला वेळच नव्हता. वाटेत एस.टी.त बसून मी इंग्रजीतली धीर देणारी वाक्यं घोकत होतो. शेवटी शिकलेला माणूस ना!

दुपारी बंगल्याशी पोचलो. व्हरांड्यात दोरीने बांधलेली मोठी ट्रंक. अंगणात बैलगाडी, पण बैल सोडलेले. स्वयंपाकी भिकानाना दारातच उभे होते.

"या मास्तर! भाकरी थंडी हुई गई ना!"

"नाना, मी येणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अक्कानी. सकाळे उनी व्हती ना."

अक्का सकाळी येऊन गेली? मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. "नाना, अक्का जळगावला दवाखान्यात आहे. पाय मोडलाय तिचा."

"पाय? चांगली चाली राह्यनी व्हती! चहामा साखर कमी शे म्हनीसन माले बोलनी बी!"

तेवढ्यात इंग्रिडबाई बाहेर आल्या. डोळे सुजलेले, पण चेहरा शांत. त्या छान मराठी बोलायच्या. सकाळी गाडी जुंपून तयार होती, तेवढ्यात अक्का फाटकातून आत आली, असं त्यांनी सांगितलं. "तिने बैल सोडायला लावले. म्हणाली, माझा मुलगा दुपारच्या गाडीने येतोय. तो जेवेपर्यंत तरी थांब."

मग अक्का ओट्यावर बसली, चहा प्यायली, आणि नदीकाठच्या वस्तीवर जाऊन येते म्हणून गेली. मी नंतर त्या वस्तीवर विचारून आलो. तिथे तिला कोणीही पाहिलं नव्हतं.

बाईंच्या मागून सहा वर्षांची लिसा डोकावली आणि गर्रकन वळून तिने मला पाठ दाखवली. सोनेरी केसांची घट्ट चौपेडी वेणी! चार पेडांची ती वेणी वसतिगृहातल्या मुलींना अक्का घालायची. बाईंना साधी तीन पेडांचीही नीट जमत नव्हती. भिकानानांचा तर प्रश्नच नाही.

माझी सगळी इंग्रजी वाक्यं कुठल्या कुठे गेली. तोंडातून एवढंच निघालं, "बाई, तुम्ही जेवलात का?"

त्यांनी मान हलवली. कालपासून काही खाल्लं नव्हतं.

आम्ही पाटावर बसलो. भरीत होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. बाई जेवता जेवता मुलाबद्दल बोलायला लागल्या... त्याचे लाड, त्याचा हट्ट, त्याची रिकामी खाट. मी नुसता ऐकत होतो. ताटं वाळली तरी कोणी उठलं नाही.

संध्याकाळी साहेब पाड्यांवरून आले. ट्रंक पाहून पायरीवरच थबकले.

"बघत काय उभा राहिलास?" बाई म्हणाल्या. "दोरी सोड. लिसाची गोधडी आतच आहे."

पुढची दोन घरं करून मी जळगावला परतलो आणि थेट दवाखाना गाठला. नर्स म्हणाली, "ही कुठे जाणार? कूस बदलायलाही दोघी लागतात." त्या सकाळी डॉक्टरांनी तिला त्याच खाटेवर तपासलं होतं. भिकानाना तिला कित्येक वर्षं ओळखत होते, तेव्हा दुसरीच कुणी बाई म्हणावं, तर तेही पटत नाही.

अक्काला विचारलं तर म्हणाली, "मी तं आठेच शे, या खाटवर." मग खिडकीबाहेर बघत — "पोरगीना केस आते चांगला लांब हुयनात."

पुन्हा विचारायचं मला धाडस झालं नाही. पुढे अक्का वारली, साहेब-बाई बरीच वर्षं तिथे राहून म्हातारपणी मायदेशी गेले. मला आजही याचा उलगडा झालेला नाही. भीती मात्र कधी वाटली नाही... आठवलं की बरंच वाटतं.

त्या बंगल्यातून निघायच्या आदल्या दिवशी मी अक्काला पत्र टाकलं होतं. ते तिने ठेवलं होतं, आता माझ्याकडे आहे.

"प्रिय अक्कास,
सप्रेम सलाम. इंग्रिडबाई जात नाहीत. ट्रंक रिकामी झाली. नाताळात मुलाला आणायला दोघं मिळून जाणार आहेत. मी काही विशेष बोललो नाही, तू सांगितलंस तेवढंच विचारलं. इथली सगळी म्हणतात, तू येऊन गेलीस. मी काय म्हणू ते मला कळत नाही, म्हणून आभार मानतो. पायाला जप. उद्या पिंपळनेरकडच्या घरी निघतोय. तिथे माझ्या आधी पोचणार असशील, तर भाजीत तिखट बेताचं घालायला सांग.
तुझा,
यशवंत"